आधी मेथीला कळलं

भोगीच्या सकाळी आईने खताच्या ढिगात मनगटापर्यंत हात घातला आणि म्हणाली, "थंडगार झालं व आता. उद्या टाकून देऊ वाफ्यात." मी शेजारीच दात घासत उभी होते. ढिगाच्या माथ्यावरून वाफ निघत होती, पण जानेवारीत आमच्याकडे सकाळी विहिरीच्या पाण्यावरूनही वाफ निघते, त्यामुळे मला त्यात काही वाटलं नाही. तिच्या हाताशेजारी मी सहज माझा हात घातला. चार बोटं आत गेली असतील नसतील, मी ती ओरडून बाहेर ओढली. आत कढत होतं, चुलीवरच्या पातेल्याला चुकून हात लागावा तसं. आईचा हात मात्र तसाच आत. बांगड्यांवर कुटार चिकटलेलं, चेहऱ्यावर काही नाही. माझ्याकडे बघून ती हसली. "पुन्याचे हात," म्हणाली. "मले नाई लागत चटका. जलमभर भाकरी भाजल्या म्या."

मीही तेव्हा हसले.

पुण्याला परतल्यावर मात्र तो हात डोळ्यांसमोरून जाईना. माझ्या बाल्कनीत कंपोस्टची एक टोपली आहे. ओला कचरा जिरवला की मालमत्ता करात सवलत मिळते म्हणून सोसायटीत सगळ्यांनी घेतल्या, त्यात मीही घेतली. हौसेने एक लांब दांड्याचा थर्मामीटर मागवला. टोपलीचं तापमान मी वहीत लिहून ठेवते आणि आईला फोनवर सांगते, "पंचेचाळीसपर्यंत चढलं गं." तिला त्या आकड्याचं काय होय! तिच्याकडे त्यासाठी वेगळी मापं होती. खत आधी चटका देतं, मग चहाएवढं होतं, मग आंघोळीच्या पाण्याएवढं, मग कोमट, आणि शेवटी मातीएवढं. मातीएवढं झाल्याशिवाय वाफ्यात टाकायचं नाही. कच्चं खत टाकलं तर त्यातले जीव स्वतःचं पोट भरायला मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि रोपं उपाशी राहतात, हे मी कॉलेजात शिकले. आई एवढंच म्हणायची, "कच्च्या खतानं भाजी रुसते." शिवाय अर्धवट कुजलेल्या शेणात मुळं खाणारी हुमणी येते ती वेगळीच.

भाजीवरून आठवलं, गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा मेथी पिवळी पडलेली होती. दसऱ्यानंतर टाकलेली, बोटभर उंचीची, पण कावीळ झाल्यासारखी. सांबारही तसाच. (पुण्यात भाजीवाल्याकडे सांबार मागितला की तो हॉटेलचा रस्ता दाखवतो, पण मला अजून कोथिंबीर म्हणवत नाही.) आम्ही सगळ्यांनी बियाण्याला दोष दिला. दादा बी विकणाऱ्याला दोन शिव्या देऊन मोकळा झाला. आईच्या खतात खोट असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही. चाळीस वर्षांत तिच्या परसात मेथी पिवळी पडलेली कुणी पाहिली नव्हती.

आता मागे वळून बघताना असं वाटतं, की आईच्या हाताचं काहीतरी बिघडलंय हे आमच्या आधी त्या मेथीला कळलं.

आमचं गाव पुसदपासून तासाभरावर. पुसदचं नाव घेतलं की शेतीवाल्या माणसाला नाडेप आठवतं. नारायण देवताव पांढरीपांडे, त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून नाडेप. विटांचा हौद, साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, आणि चारी भिंतींत मुद्दाम ठेवलेली भोकं. आत काडीकचरा, शेणकाला, माती असे थर. वरून लिंपून टाकायचं आणि साडेतीन-चार महिने विसरून जायचं. भोकांतून वारा खेळतो, म्हणून ढीग पलटवावा लागत नाही. थोड्या शेणात पुष्कळ खत, ही त्यातली खरी गोम. आमच्या आबांनी, म्हणजे आईच्या सासऱ्यांनी, असा एक हौद परसात बांधला होता. मी लहानपणी त्या भोकांत हात घालून आतली ऊब बघायची आणि आबा ओरडायचे, "इच्चू हाय तिथं!" विंचू कधी निघाला नाही. आबा गेल्यावर हौदाची एक भिंत ढासळली. मग त्यात कापसाच्या पऱ्हाट्या रचून ठेवू लागले, आणि खत पुन्हा उघड्या ढिगावर आलं.

उघड्या ढिगाचीही एक शास्त्रोक्त पद्धत आहे, इंदूर पद्धत. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज साहेबाने ती 1920च्या दशकात इंदूरला बसवली आणि सेंद्रिय शेतीवाले त्याचं नाव घेताना अजून कानाला हात लावतात. 1931 साली तिच्यावर जे पुस्तक निघालं, त्याच्यावर मात्र दोन नावं आहेत. दुसरं यशवंत वाड. हॉवर्डचं नाव मी शंभरदा ऐकलं, वाडांचं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चाळिशी उलटली होती. उकिरड्यात प्रत्यक्ष हात घालणाऱ्याचं नाव मागे राहतं, ही काही नवी गोष्ट नाही. आमच्या घरातही खत म्हटलं की आबांचाच हौद आठवतो. शेणाच्या पाट्या वाहणारी बाई कुणाला आठवत नाही.

तर शेण. आमच्या लहानपणी घरात शेणावरून रोज भांडण व्हायचं. आबांना ते खताला हवं असे, आजीला गोवऱ्यांना. चार जनावरं, त्यांचं शेण ते किती! पावसाळ्याआधी गोवऱ्यांचा उडवा रचून झाला नाही तर आजी दोन दिवस बोलायची नाही. आणि चूल तिच्या बाजूने असल्यामुळे बहुतेक वेळा आजीच जिंकायची. तेव्हा ते भांडण गमतीचं वाटायचं. आज वाटतं, त्या शेणाला दोनच रस्ते होते. एक मातीत जायचा आणि दुसरा चुलीतून आईच्या छातीत.

आमचं स्वयंपाकघर आठ बाय दहाचं, एक गवाक्ष, तेही वर. चुलीत पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या. ओल्या पऱ्हाटीचा धूर डोळ्यांत घुसतो, गोवरीचा मऊ असतो, घशात बसतो. मी दारात बसून पाढे म्हणायची आणि आत आई दिसायची नाही. धुरात फक्त फुंकणीचा आवाज, खोकला, भाकरी थापल्याचा आवाज, पुन्हा फुंकणी. तिने विडी ओढली नाही, तंबाखू खाल्ला नाही. तरी पंचावन्नाव्या वर्षी तिला अंगण ओलांडताना दम लागायला लागला, आणि तालुक्याच्या एका डॉक्टरांनी तिला विचारलं, "बाई, विडी ओढता का?" त्या प्रश्नाचा तिला अजून राग आहे. आजाराचं नाव सीओपीडी, श्वासनलिका कायमच्या आखडण्याचा आजार, हे नंतर कळलं. ते सिगरेट ओढणाऱ्यांसारखंच चुलीपुढे बसणाऱ्या बायकांनाही होतं, हेही नंतरच कळलं. गॅस आला 2017 साली. मी नोकरीला लागले 2004 मध्ये. मधल्या तेरा वर्षांत मी घरी टीव्ही घेतला, फ्रिज घेतला, आईला दोन पैठण्या घेतल्या. सिलिंडर मिळायला कटकट होती, आणायला पुसदला जावं लागायचं, हे सगळं खरंच आहे. पैठण्या आणायला मी येवल्याला गेले होते.

गॅस आल्यावर गोवऱ्या थापणं थांबलं. सगळं शेण खताकडे वळलं आणि आईचा परस असा फुलला की बघत राहावं. वांगी, भेदरे म्हणजे टोमॅटो, वालाचे वेल, मिरची, पालक. गल्लीतल्या बायका पिशव्या घेऊन यायच्या. म्हणजे आबांना जन्मभर हवा होता तेवढा मोठा ढीग अखेर जमला, तेव्हा तो पलटवणाऱ्या बाईला दहा फावडी मारल्यावर मांडी घालून बसावं लागत होतं.

फेब्रुवारीत मी तिला नागपूरला नेलं. "कायले जाचं? पैसे काय झाडाले लागले?" असं तिने वर्ध्यापर्यंत ऐकवलं. आधी फुप्फुसाची तपासणी. एका नळीत जोरात फुंकायचं. तिथला मुलगा, "फुंका, फुंका, फुंका आजी, अजून, अजून!" असा ओरडत होता, आणि मला हसू आवरेना, मग हसू येईना. जन्मभर फुंकणी फुंकलेल्या बाईला तो फुंकायला शिकवत होता. छातीतली जेवढी हवा माणूस बाहेर टाकतो, तिच्यातली निदान 70 टक्के पहिल्याच सेकंदात बाहेर पडायला हवी. आईची 48 पडली. बाकीची रेंगाळत, शिट्टी वाजवत.

मग दुसऱ्या डॉक्टरांकडे, नसांच्या. त्यांनी एक लोखंडी चिमटा हातावर आपटला, त्याचा गुंजारव सुरू झाला आणि त्याचा दांडा आईच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. "थरथर लागते का?" आई म्हणाली, "लागते." पुन्हा टेकवला. "आता?" "लागते ना." तिसऱ्या वेळी त्यांनी चिमटा आपटलाच नाही, नुसता टेकवला. आई अदबीने म्हणाली, "लागते, साहेब." डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडेही पाहिलं नाही, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मग घोटा, मग नडगी, मग गुडघा. गुडघ्याखाली एका ठिकाणी आई एकदम दचकली आणि म्हणाली, "हे काय व?" तिथे तिला पहिल्यांदा खरोखर लागलं होतं.

साखर नव्हती. बी-12 थोडं कमी होतं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. नसांना बारीक विजेचे झटके देऊन केलेल्या तपासणीत पायांच्या जाणिवेच्या नसा मंद निघाल्या, हातांच्याही थोड्या. डॉक्टर सावध माणूस. एकाच कारणाकडे बोट दाखवता येत नाही म्हणाले, वय आहे, बी-12 आहे, पण फुप्फुसाचा इतका जुना आजार असला की हे पुष्कळदा दिसतं. प्रिस्क्रिप्शनच्या मागे त्यांनी मला चित्र काढून दाखवलं. नस ही वायरसारखी वाटते, पण ती जिवंत असते, तिलाही खायला लागतं. तिच्या अंगावर केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. रक्तात वर्षानुवर्षं प्राणवायू कमी राहिला की त्या वाहिन्या जाड होतात, बुजत जातात, आणि नसेचं टोक वाळायला लागतं. पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणाऱ्या नसेचा तंतू कमरेपाशी सुरू होतो, जवळजवळ एक मीटर लांब. सगळ्यात लांबचं टोक आधी उपाशी मरतं. म्हणून आधी पाय. बधिरपणा गुडघ्याशी आला की हाताच्या बोटांची पाळी. "मोजे घातल्यासारखं वाटतं का?" त्यांनी आईला विचारलं. तिने जन्मात पायमोजे घातले नव्हते. ती विचार करून म्हणाली, "शेनानं सारवलेल्या ओल्या भुईवर उभं राह्यल्यावानी वाटते."

खताच्या ढिगाचंही असंच असतं. वारा न पोचलेला मधला गाभा आधी गुदमरतो, मग तिथे कुजकट अंड्यांचा वास सुटतो. हे साम्य मला त्या खुर्चीतच सुचलं होतं आणि सुचल्याचा बराच वेळ रागही आला. समोर आई पायात चप्पल चाचपडत होती आणि माझं डोकं उपमा जुळवत होतं.

ती चप्पल. मागच्या पावसाळ्यात आई वावरातून एकाच चपलेवर घरी आली होती. दुसरी चिखलात कुठे निघाली ते तिला कळलंच नाही, अंगणात वहिनीने दाखवल्यावर कळलं. "चप्पल मोठी झाली," म्हणाली, आणि आम्ही एक नंबर लहान चप्पल आणली. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात आंघोळीचं पाणी गरम नाही म्हणून कुरकुर सुरू झाली होती. वहिनी बिचारी बंबात लाकडं घालून घालून थकली. म्हातारपणी थंडी जास्त वाजते, असं आम्ही ठरवून टाकलं. वहिनीने एकदा त्या पाण्यात हात घालून दादाला सांगितलंही होतं, "आई उकळत्या पान्यानं आंघोळ करतात." दादा म्हणाला, "सवय असते." सवय हा शब्द आमच्या घरात फार कामाचा आहे.

डॉक्टरांनी दिलेली पथ्यं सोपी होती. रोज रात्री तळपाय कुणीतरी बघायचे, कापलं-भाजलं का ते. आंघोळीचं पाणी दुसऱ्याने तपासायचं. चुलीजवळ बसायचं नाही. अनवाणी नाही. बोटाला लावायचं ते छोटं यंत्र घरात ठेवायचं, आकडा 88 च्या खाली रेंगाळायला लागला तर फोन करायचा. आई ते यंत्र हौसेने लावते. ज्या बोटाला कढत खत कळत नाही, तेच बोट पुढे करून ती आम्हाला वाचून दाखवते, "एक्यान्नव!" आणि शेवटचं पथ्य छातीच्या डॉक्टरांचं, खताच्या ढिगाला हात लावायचा नाही. तापलेल्या ढिगात एक बुरशी वाढते, अॅस्परजिलस. ढीग पलटवताना तिची बारीक बीजं धुळीसारखी उडतात. धडधाकट माणसाला बहुधा काही होत नाही. आधीच खरवडलेल्या छातीत ती जाऊन बसतात. आईने विचारलं, मास्क लावून चालेल का. मास्क लावून बघितला. पाच मिनिटांत तिला असा दम लागला की तो तिनेच ओढून काढला.

गाडीत परत येताना ती पुष्कळ वेळ गप्प होती. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "चूल सोडा म्हनलं, सोडली. आता खतही सोडू?"

मला उत्तर देता आलं नाही. दादाचं उत्तर तयार होतं, युरिया. आणि हिशेबाने तो चुकीचा नाही. चांगल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, युरियात 46 टक्के. युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या एका गोणीत जेवढं नत्र, तेवढ्यासाठी चार टन शेणखत लागतं. पंचेचाळीस किलो दादा एका खांद्यावर आणतो. पण आमची जमीन काळी, चिकट. पाऊस पडला की लोणी आणि उन्हाळ्यात हातभर भेगा. खताने ती भुसभुशीत राहते, पाणी धरते, गांडुळं येतात. हे काम गोणीतून होत नाही, हे दादालाही ठाऊक आहे, वांगी तोही परसातलीच खातो. शिवाय त्या ढिगाशिवाय आई दिवसभर काय करेल, हा हिशेब कुठल्याच गोणीवर छापलेला नसतो.

शेवटी वहिनीने तोड काढली. आबांचा हौद. पलटवायची भानगडच नको. ढासळलेली भिंत दादाने मार्चमध्ये बांधून घेतली, भोकं ठेवून. थर रचले मजुराने, आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला खुर्ची टाकून आई हुकूम सोडत बसली. "शेनकाला पातळ कर. माती चाळून घे. अरे, पान्याचा हबका मार, धूळ उडते!" त्या दिवशी तिचा आवाज लहानपणी ऐकला होता तसा लागला होता. अधूनमधून ती थांबायची, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, ओठांचा चंबू करून हवा सोडायची, आणि मजूर तेवढ्यात बिडी पेटवायला जाऊ लागला की पुन्हा ओरडायची.

परवा जूनच्या पहिल्या आठवड्यात गेले होते. आभाळ भरून आलेलं, पाऊस नव्हता. आईने मला हौदापाशी नेलं. एका भोकातून तिने लोखंडी सळई आतपर्यंत सारून ठेवली होती. सळई थोडा वेळ आत ठेवायची, बाहेर ओढायची आणि टोकाला हात लावायचा. रोज संध्याकाळी ती शेजारच्या पोरीला बोलावते हात लावायला, त्या बदल्यात पोरीला गुळाचा खडा. त्या दिवशी पोरगी मामाकडे गेली होती. मी पिशवीतून माझा थर्मामीटर काढला, मुद्दाम पुण्याहून आणला होता. आईने तो उलटसुलट करून बघितला, चांगला आहे म्हणाली आणि बाजूला ठेवला.

"हात लाव," म्हणाली.

तिने सळई ओढून काढली. टोकाला ओलं काळं खत चिकटलेलं, पहिल्या पावसासारखा वास. मी टोक मुठीत धरलं. गरम होतं, सोसवेल असं. मी नीट विचार करून तिची मापं आठवली.

"आंघोळीच्या पाण्याएवढं," मी म्हणाले.

आईने मान हलवली. मग जराशाने डोळे बारीक करून माझ्याकडे बघत विचारलं, "कोनाच्या आंघोळीच्या? तुह्या का माह्या?"